शेवटच्या ओळीतला स्टार

३ मार्च, सोमवार
नवी वही. आजपासून रोज लिहायचं. ठरलं म्हणजे ठरलं.
सिस्टिम विभागाचा प्रमुख कोण, ते साहेब २८ तारखेला जाहीर करणार. विभागात माणसं दोनच. एक मी, खोक्यांच्या या कारखान्यात चौदा वर्षं घासलेला. दुसरी चष्मेवाली, येऊन सहा महिने झालेत. मग निवड कसली डोंबलाची करायचीय? घरी बायकोला सांगून टाकलं की झालो प्रमुख. तिने विचारलं, ऑर्डर हातात आली का? या बाईला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही.

४ मार्च
गेल्या महिन्यात कटिंग मशीन दोनदा बंद पडली. कोणामुळे ते कळलं नाही. (चष्मेवालीमुळे. आणखी कोण?) साहेबांना आता सर्व्हरवरच्या प्रत्येक गोष्टीची नोंद हवीय. त्यासाठी लॉगिंगचा डीमन चालवायचा, म्हणजे पडद्यामागे गुपचूप बसून सगळ्यांचं लिहून ठेवणारा प्रोग्राम. काम मी मागून घेतलं. चहाड्या करणारा आपल्या ताब्यात असलेला बरा.

६ मार्च
डीमन सुरू. नुसतं नाव टाइप करून एंटर मारणं हे नवशिक्यांचं काम. मी ऑप्शन लावले. डॅश आर लावला की तो बाकीच्या मशीनच्या तक्रारीही ऐकून घेतो. डॅश एम लावला की काही घडलं नाही तरी अधूनमधून 'मार्क' अशी ओळ लिहितो, म्हणजे मी आहे, चालू आहे. मूळची वेळ वीस मिनिटं. मी एक केली. या ऑफिसात वीस मिनिटं गप्प बसलेल्या माणसाला कामचुकार म्हणतात. शिवाय डॅश डी. त्याने तो स्वतः काय काय करतोय तेही सविस्तर सांगत बसतो. ते सगळं एका फाइलीत सोडलं.
चष्मेवाली मागे येऊन उभी. न विचारता शिकवणी. डॅश डी फक्त बिघाड शोधताना लावतात, कायम ठेवला तर डिस्क भरेल म्हणे. मग सेटिंगच्या फाइलीवर बोट ठेवून, त्या शेवटच्या ओळीतला स्टार (*) काढा, नाहीतर इमर्जन्सीचा प्रत्येक मेसेज... पुढचं मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, मॅडम, मी असल्या फाइली लिहीत होतो तेव्हा तुम्ही शाळेत होतात. तोंड एवढंसं करून गेली.
स्टार काढायला माझी हरकत नव्हती. पण आता मेलो तरी काढणार नाही.

१० मार्च
वही काल टेबलाच्या डाव्या खणात होती, आज उजव्या. बायकोने चाळली. दुसरं कोण चाळणार?
तोडगा सापडला. रोजनिशी सर्व्हरच्या लॉगमध्येच लिहायची. एक छोटी कमांड आहे, मजकूर दिला की डीमन तारीख-वेळ घालून लिहून ठेवतो. ती फाइल पासवर्डशिवाय उघडत नाही. पासवर्ड माझ्याकडे. फक्त प्रत्येक नोंदीला दर्जा द्यावा लागतो. खाली साधी माहिती, वर इशारा, चूक वगैरे, आणि सगळ्यात वर इमर्जन्सी. मी इमर्जन्सी घेतला. चौदा वर्षं गिळलेलं माणूस काय साधी माहिती म्हणून लिहिणार?
वहीला रामराम.

११ मार्च, १०.१४
चष्मेवाली चौदा मिनिटं उशिरा. आल्या आल्या डबा उघडला. कामाला येते की सहलीला?
लिहिलं की तीच ओळ माझ्या स्क्रीनवर चौकटीत उमटते. म्हणजे नोंद पोचली. पावती मिळाल्यासारखं वाटतं. छान सोय आहे.

१२ मार्च, ३.०५
साहेब केबिनचं दार लावून झोपलेत. समोर फाइल उघडी, बोट पानावर. चार वर्षं तेच पान. घोरण्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत.

१२ मार्च, ४.२०
कटिंगचा फोरमन लांबी-रुंदीत गफलत करतो आणि नाव सिस्टिमचं घेतो. याच्या हातात टेप देणाऱ्याला आधी धरायला हवं.

१३ मार्च, ११.००
केबिनचं दार आज सकाळपासून सताड उघडं. साहेब काठी गिळल्यासारखे ताठ. मी नमस्कार केला तर नुसतं रोखून बघितलं. तोलतायत मला. जबाबदारीची जागा आहे, तोलणारच.

१४ मार्च, १.३०
डबा परत नेतोय. बायकोचा स्वयंपाक म्हणजे जन्मठेप. सासूबाई दोन दिवस राहिल्या की मी तास मोजतो. धाकटी मेहुणी इथे डिस्पॅचला, माझ्याच शब्दावर चिकटली. पण तोंडाचा पट्टा बहिणीपेक्षा लांब.

१७ मार्च, ९.५०
शनिवारी जेवायला बसलो तर माझं ताटच नाही. बायको म्हणाली, जन्मठेप कशाला भोगताय, बाहेर जेवा. नेमका माझ्या मनातला शब्द! सोळा वर्षांचा संसार, आता न बोलताही कळतं तिला. याला म्हणतात मनं जुळणं. सासूबाई महिनाभरासाठी येतायत. तास मोजायला सोपं जावं म्हणून भिंतीवरचं घड्याळ माझ्या खुर्चीसमोर लावलंय. अचानक एवढी काळजी.

१८ मार्च, १२.१५
प्रमुख झाल्यावर पहिलं काम ठरलं. चष्मेवाली तळघरात. तिथल्या सगळ्या केबल मोजायच्या, साडेतीनशे तरी असतील, आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधायची. छापील नाही. हाताने लिहिलेली. शहाणपणा जिरेपर्यंत वर यायचं नाही. फोरमनला त्याच्याच माणसांसमोर माप घ्यायला शिकवणार. साहेबांना केबिनमध्ये झोपताना टेकायला लोड पाठवणार.

१९ मार्च, ४.००
कटिंगच्या हॉलमध्ये फेरी. सगळे एका स्क्रीनभोवती घोळका करून खिदळत होते. मला बघून पांगले. फोरमनने विचारलं, आज अजून काही आलं नाही का? मी म्हटलं, काय? म्हणाला, ऑर्डर. एरवी हा माझ्याशी सरळ तोंडाने बोलत नाही. दरारा वाढतोय.

२१ मार्च, १०.४०
चष्मेवाली परत आली. सर, तुम्ही जे लिहिताय ना ते... हात वर करून थांबवलं. काम असेल तर मेल करा म्हटलं. पाच मिनिटांत मेल. विषय: 'कृपया लगेच वाचा'. न वाचता डिलीट. मला हुकूम सोडतेय.

२५ मार्च, ५.१०
दोन आठवड्यांत एकही तक्रार माझ्या कानावर नाही. मिनिटाला मार्क, मिनिटाला मार्क. असं चालवावं लागतं.

२६ मार्च, १२.५०
शिंप्याकडे जातोय. नवी पँट, प्रमुखाला शोभेल अशी. कंबर दोन इंच वाढलीय, पण ते शिंप्याच्या आणि माझ्यातच राहील. तासाभरात परत.

२६ मार्च, सायंकाळ
कागदावर लिहितोय. सर्व्हरवर जागा नाही.
मी शिंप्याकडे असताना डॅश डीच्या फाइलीने डिस्क गच्च भरली. ऑर्डरच्या प्रोग्रामने खरीखुरी इमर्जन्सी पाठवली की नवी मापं लिहिता येत नाहीत, कटिंग थांबवा. मेसेज कारखान्यातल्या प्रत्येक स्क्रीनवर चौकटीत आला. कोणीही थांबलं नाही. मशीन जुन्या मापावर चालत राहिली. फ्रिजची खोकी हवी होती, बुटांची चार हजार झाली.
मी परत आलो तेव्हा साहेब हॉलमध्ये उभे होते. फोरमनला विचारत होते, समोर एवढं ठळक आलं तरी मशीन का थांबवली नाही? फोरमनने माझ्याकडे बघितलं.
"साहेब, त्या चौकटीत रोज यांचंच रडगाणं येतं. आम्हाला वाटलं, आज पँटचं पुढचं असेल."
हॉलमध्ये कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.
स्टार म्हणजे सगळे. इमर्जन्सीचा मेसेज जो जो लॉगिन असेल त्या प्रत्येकाला. मला माहीत होतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं.
पंधरा दिवस. साहेब. फोरमन. मेहुणी. आणि मेहुणीच्या तोंडून घर.

२७ मार्च
साहेबांच्या टेबलावर माझ्या सगळ्या नोंदींची प्रिंट. १२ तारखेच्या दुपारच्या नोंदीखाली लाल रेघ. मी म्हटलं, डीमनची चाचणी घेत होतो. साहेबांनी विचारलं, लोडाची पण? मी म्हटलं चष्मेवालीने वेळेवर सांगितलं असतं तर. त्यांनी तिची २१ तारखेची मेल पुढे सरकवली. तिने त्यांना प्रत पाठवलेली होती. आगाऊ.
लाज वाटली. एवढी वाटली की घरी न जाता बसस्टॉपवर बसून राहिलो.

२८ मार्च
चष्मेवाली प्रमुख. टाळ्या फोरमनने सुरू केल्या.
नंतर तिने मला बोलावलं. स्टार काढला होता, डॅश डी काढला होता, मार्क परत वीस मिनिटांवर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "साडेतीनशे नाहीत, चारशे बारा केबल आहेत. मोजणी मी केलीय. चिठ्ठ्या तुम्ही बांधा. हाताने लिहिलेल्या, तुमच्याच कल्पनेप्रमाणे."
घरी बायकोने पँट बघितली. विचारलं, दोन इंच?

३१ मार्च, तळघर
त्रेसष्ट चिठ्ठ्या झाल्या. गुडघे गेले. डब्यात सासूबाईंनी कोरडी चपाती दिलीय आणि घरी परतायची वेळ लिहून दिलीय.
वही घरी सुरक्षित नाही, सर्व्हर तर नाहीच. पण सकाळी एक सुचलं. चिठ्ठीच्या पुढे केबलचा नंबर, मागच्या बाजूला आपलं मन. तळघरातल्या चिठ्ठीची मागची बाजू कोण वाचणार? सकाळपासून मनसोक्त लिहिलं. बरं वाटलं. ठरवलंय, आता रोज असंच.

३१ मार्च, ५.३०
मॅडम तपासायला खाली आल्या. पहिली चिठ्ठी हातात घेतली आणि उलटली. मग दुसरी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट उभ्या उभ्या वाचल्या. मी टॉर्च धरून उभा.
जाताना म्हणाल्या, मागची बाजू कोरी ठेवायची.
उद्या पहिल्यापासून.