दोन्ही चित्रांत पांढरी

प्रिय वन्सं,

त्या सकाळी दूध तापवून झालं होतं, कपडे वाळत घातले होते आणि मी ह्यांच्या शर्टाला इस्त्री करत होते. ताईकडे पडदे निवडायला जातो, असं म्हणून हे निघाले. निळा आणि हिरवा ज्यांना धड वेगळा दिसत नव्हता, ते पडदे निवडणार म्हणून मी हसले आणि कॉलर पुन्हा एकदा दाबून दिली. तुम्ही दोघं त्या दिवशी कुठल्या दवाखान्यात गेला होतात, ते मला सात महिन्यांनी कळलं, लपवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा.

आज सहा वर्षांनी लिहिते आहे. मी बरी आहे. लेक नोकरीत रमली आहे. माझा वेळ वाचनात जातो. ह्यांच्या माघारी मी पहिल्यांदा वाचले ते त्यांचेच रिपोर्ट, एकेक शब्द शब्दकोशात शोधत. मग वाचनालयातली आजारांची पुस्तकं. तिथल्या बाई मला थट्टेनं डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं.

मागच्या महिन्यात पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, तर यकृतात एक गाठ दिसली. ह्यांचा कॅन्सरही यकृताचाच होता. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, त्यात डिफ्युजन नावाची चित्रंही काढायची होती. मी लगेच वाचून घेतलं. शरीरातलं पाणी कुठे मोकळं हलतं आणि कुठे अडकतं, ते ही चित्रं दाखवतात. वाईट गाठीत पेशी इतक्या दाटीनं बसतात की पाण्याला हलायला जागा राहत नाही, आणि ती गाठ पांढरी चमकते. इथवर वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुढचं पान उलटलं असतं तर हे पत्र कदाचित लिहिलंच नसतं.

फिल्म शुक्रवारी हातात आली, डॉक्टर सोमवारी भेटणार होत्या. मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरून पाहिली. पहिल्या चित्रात गाठ पांढरीशुभ्र. शेजारी त्याच गाठीचं जोडीचं चित्र, त्यातही पांढरी. माझं शहाणपण बघा, दोन्हीकडे पांढरी म्हणजे दुप्पट वाईट, असा मी निकाल लावून टाकला. तीन दिवस कपाटं आवरत बसले. लेकीनं फोनवर विचारलं, आवाज का बसलाय. सर्दी झालीय म्हटलं. इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. शेजारणीला मात्र सगळं सांगितलं, आणि लेकीला कळवायचं नाही अशी शपथ घातली.

सोमवारी शेजारीणच माझ्यासोबत आली. मी माझा निकाल ऐकवला तेव्हा डॉक्टर आधी हसल्या, मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, “काकू, अर्धा अभ्यास बरोबर केलात. पण ह्या दुसऱ्या चित्राचा नियम उलटा असतो. पाणी अडकलं असतं तर इथे गाठ काळी दिसली असती. ही पांढरी आहे, म्हणजे पाणी मोकळं आहे.” औषध टोचून काढलेली चित्रंही तेच सांगत होती. रक्तवाहिन्यांचा साधा गोळा, काही करायला नको, सहा महिन्यांनी एकदा पाहू.

बाहेर बाकावर बसल्यावर मी हसत होते आणि शेजारीण रडत होती. माझ्या लेकीनं तिलाही फोन केला होता म्हणे, आणि शपथेपायी तिनंही सर्दीच सांगितली होती. तीन दिवस ती धड जेवली नव्हती. तिचा तो चेहरा बघताना मला तुम्ही दिसलात. तुम्ही सात महिने माझ्यासमोर बसून चहा घेत होतात, आणि तो घोट कसा उतरत असेल हे मी कधी मनातही आणलं नाही. मला सांगायला हवं होतं, हे मी अजूनही म्हणेन. पण ते ओझं तुमच्या भावानं तुमच्यावर टाकलं होतं, तुम्ही मागून घेतलं नव्हतं. सहा वर्षं तुमचे फोन उचलले नाहीत, त्याची माफी मागायला हे पत्र. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी लेकीला सगळं खरं सांगितलं, तिची बोलणी खाल्ली, आणि तुमच्याकडे यायचं तिकीट काढलं.

तुमचीच,
धाकटी भावजय