ताई, ते अडकतं

मंगळवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. आपलं वाजलेलं असलं तरी ते कमी केलेले नाहीत.

मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता गप्प आहे. ड्रायव्हिंग क्लास चालू आहे. जुनी गाडी फिरते, नवी कव्हर घालून उभी आहे. मैदानाच्या मालकाने फाटकाला नवा रंग दिला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या एका शिकाऊ काकांनी रिव्हर्समध्ये जाऊन त्यावर आपली सही केली. मालक म्हणाला, "बाई, तुम्ही शिकवता की नुसतं सोडून देता?" काका गाडीतूनच ओरडले, "त्यांनी ब्रेक दाबला म्हणून फाटक उरलंय."

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. आंघोळीला गेलास तरी मीटिंगमध्येच असतोस, असं तुझी बायको सांगते. म्हणून लिहिते आहे. पत्राला मधेच "ताई, ऐक ना" म्हणता येत नाही.

ओळीने सांगते. बरंचसं तुला माहीत आहे, पण तू ते तुकड्यातुकड्याने ऐकलं आहेस आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं उत्तर दिलं आहेस.

आपण दोघांनी एकाच दिवशी एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घेतल्या. एक तुझ्या घरी, एक माझ्या क्लासला. निवड तुझी. तुझ्याच कंपनीची गाडी, तूच तिथे वर्कशॉपचा मॅनेजर, मग मी दुसरीकडे कशाला जाऊ?

माझी जागा शेजारच्या सीटवर. पायाखाली माझा वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. स्टिअरिंग मात्र एकच, आणि ते शिकणाऱ्याच्या हातात. कुणी चुकलं तर मी कडेने एका हाताने ओढून घेते, तेवढाच माझा त्याच्याशी संबंध. इतकी वर्षं तिथे बसून मला रस्ता लोकांच्या खांद्यांवरून कळायला लागला आहे. खांदा वर गेला की समजायचं, घाबरला.

नवी गाडी आल्यावर सगळ्यांचे खांदे एकाच जागी वर जायला लागले. बेकरीच्या कोपऱ्यावर, हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवताना. आमच्याकडे एक नर्सबाई शिकायला होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, ते अडकतं." मी म्हटलं, "ते अडकत नाही, तुम्ही अडवता." मागे बसलेले दोघे हसले. वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून मी ते पुढे प्रत्येकाला ऐकवू लागले.

नर्सबाई पास झाल्या. हात चांगला होता. त्यांनी गाडी घेतली ती याच मॉडेलची. हात बसलेली गाडीच घ्या, असं मीच सुचवलं.

मग एक दिवस मी एकटीच पेट्रोल भरायला निघाले. त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर मी क्वचितच बसले असेन. बेकरीच्या कोपऱ्यावर स्टिअरिंग अर्ध्यात थांबलं. जड झालं असतं तर कळलं असतं. ते भिंतीला टेकल्यासारखं थांबलं. मी जोर लावला तेव्हा एकदम सुटलं आणि पुढचं चाक फुटपाथवर चढलं. एक सायकलवाला उडी मारून बाजूला झाला. त्याने आधी मला पाहिलं, मग गाडीच्या टपावरचा ड्रायव्हिंग क्लासचा बोर्ड वाचला, आणि म्हणाला, "इथेच शिकलात का?"

त्याच दिवशी तुला फोन केला. तू म्हणालास, टायरमधली हवा बघ. मी बघितली. हवा ठीक होती.

पुढे कंपनीनेच जाहीर केलं की या मॉडेलला रिकॉल आहे, स्टिअरिंगखालची मोटर फुकट बदलून मिळेल, गाडी वर्कशॉपला आणा. आम्ही आणली. तुमच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पार्ट आले की कळवू, तोवर सांभाळून चालवा. सांभाळून म्हणजे कसं, असं विचारलं तर म्हणाल्या, "म्हणजे वळणावर, मॅडम." मी घरी आले आणि गाडीवर कव्हर घातलं. सगळ्यांना तसं करता येत नाही. माझ्याकडे दुसरी गाडी होती, एवढंच.

नर्सबाईंकडे नव्हती. हॉस्पिटलच्या रॅम्पच्या वळणावर त्यांचं स्टिअरिंग अडकलं आणि गाडी खांबावर गेली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले जुळेल, पण बारीक कामाचं सांगता येत नाही. शीर शोधून सुई लावायची हे बारीक काम आहे. तुमच्या वर्कशॉपच्या अहवालात अपघाताचं कारण लिहिलं आहे, नवशिकी चालक. खाली सही तुझी आहे.

तेव्हापासून रविवारी माझ्या मैदानात गाड्यांचे मालक जमतात. बेकरीवाला, दाताचे डॉक्टर, एक जोडपं जे या गाडीपायी एकमेकांशी बोलत नाही आणि दोघंही माझ्याशी बोलतात. सगळ्यांची कथा एकच. हळू वेग, पूर्ण वळण, मग भिंत. तक्रार सगळ्यांनी मिळून केली आहे. पुढच्या गुरुवारी चौकशी अधिकाऱ्यांसमोर सुनावणी आहे आणि सगळ्यांच्या वतीने मी बोलणार आहे. मला काळजी नाही. दिवसभर मी घाबरलेल्या माणसांशीच बोलत असते, कंपनीच्या एका वकिलाने काय होतंय?

कंपनीच्या बाजूने जबाब तुझा आहे. आम्हाला त्याची प्रत मिळाली. रिकॉल ही केवळ खबरदारी, गाडीत दोष नाही, तक्रारींचं कारण चालवण्याच्या सवयी.

सवयी मी लावते रे. निम्म्या शहराच्या.

चहा करून आले. मधे थोडा वेळ उगाच गॅलरीत उभी राहिले. पुढचं लिहायचं मनात नव्हतं, पण त्यासाठीच तर कागद घेतला.

शनिवारी तुझ्या घरी गेले होते. तू दौऱ्यावर होतास. तुझ्या चिमणीला ताप होता, औषध संपलं होतं. तुझी बायको म्हणाली, "ताई, मी हिच्यापाशी बसते, गाडी घेऊन तुम्हीच जाऊन येता का?" मी किल्ली घेतली. तुमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर लगेच काटकोनात वळायचं असतं. मी हात तयार ठेवले होते. खांदे माझे वर गेले असणार.

काहीच झालं नाही. लोण्यातून सुरी जावी तसं वळलं.

मी औषध घेतलं आणि सोसायटीला एक फेरी मारली. मग आणखी एक. प्रत्येक कोपऱ्यावर मुद्दाम हळू, मुद्दाम पूर्ण. एकदाही अडकलं नाही. वर गेले तर तुझी बायको म्हणाली, "औषध बनवून आणलंत का?" मी म्हटलं, गाडी छान चालते तुमची. ती चिमणीला चमच्याने औषध पाजत होती, सहज म्हणाली, "ह्यांनी आतलं काहीतरी बदलून आणलं ना. हिची शाळा सुरू व्हायच्या आधी. म्हणाले, आता बिनधास्त ने-आण कर." तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. चिमणीने औषध थुंकलं, विषय तिथेच संपला.

मी तुला फोन केला तेव्हा चिमणीची शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. पहिल्या दिवशी ती किती रडली हे तूच मला त्या फोनवर सांगितलंस. त्यानंतर म्हणालास, हवा बघ.

धाकट्या, तू घरच्या गाडीची मोटर बदललीस याचा मला राग नाही. वर्कशॉपमध्ये पहिला पार्ट येतो, घरी पोर आहे, मीही तेच केलं असतं. पण मग तू मला, नर्सबाईंना, बेकरीवाल्याला सवयी म्हणालास. आमची वळणं तीच आहेत.

तर आता सांगते. गुरुवारी मी तुला सगळ्यांसमोर विचारणार आहे, तुमच्या स्वतःच्या गाडीतली मोटर बदलली आहे का, आणि कधी. हे आधी कळवते आहे, कारण तुला तिथे उघडं पाडण्यात मला रस नाही. तुझ्या बायकोला मी साक्षीला बोलावणार नाही. ती जे बोलली ते नणंदेशी बोलली. तू नाही म्हणालास तर मी खाली बसेन, पुढे एक शब्द विचारणार नाही, आणि बहुधा आम्ही हरू.

पण तू नाही म्हणणार नाहीस. खोटं तुला येतं, माझ्या तोंडावर येत नाही. म्हणून तर मीटिंगमध्ये असतोस.

मी पहिल्या रांगेत बसेन. तू जेवून ये, उपाशीपोटी तुझं डोकं दुखतं. चिमणीचा ताप उतरला का ते तेवढं कळव.

तुझी,
समोरच्या बाजूला बसणारी,
ताई


शनिवार, २३ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. या वेळी थोडे जास्तच आहेत. लाच समजू नकोस.

फोन तू अजून उचलत नाहीस. माझी तक्रार नाही.

परवा जे झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास. पण तू पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होतास, म्हणून बाकीच्यांचं सांगते. मी विचारायला उभी राहिले आणि तू तोंड उघडलंस, "साहेब, या काय विचारणार ते मला माहीत आहे," तेव्हा तुमचे वकील म्हणाले, "आधी प्रश्न तर येऊ द्या." त्यांना वाटलं तू माझं तोंड बंद करणार. खुर्चीत चांगले ऐसपैस टेकले होते. मग तू म्हणालास, "माझ्या गाडीतली मोटर बदलली आहे. आलेल्या पहिल्या खोक्यातली." ते पुढे सरकून बसले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "का बदलली?"

"बायको चालवते. मुलगी मागे बसते."

"मग इतरांच्या बाबतीत सवयी असं का लिहिलंत?"

तू समोरचा जबाबाचा कागद उलटा करून ठेवलास. माझ्या मागे बेकरीवाल्याची खुर्ची करकरली. मग तू म्हणालास, "पार्ट मोजके होते, साहेब. सवयी कितीही लिहिता येत होत्या."

मला तो प्रश्न विचारावाच लागला नाही. मी उभीच राहिले होते, बसायचं सुचलं नाही. नर्सबाईंनी डाव्या हाताने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. हळूच म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, "हो. तुम्हीच पहिल्यांदा म्हटलं होतं." त्या मनगटाकडे बघत राहिल्या. त्या जिंकल्या आहेत, पण सुई अजून दुसरंच कुणीतरी लावतं. अहवालातले ते दोन शब्द खोडायचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी तो अधिकाऱ्यांकडून पुन्हा एकदा वाचून घेतला.

तुझी केबिन गेली हे मला तुझ्या बायकोने सांगितलं. मोटर बदलायला येणाऱ्या गाड्यांना नंबर द्यायच्या टेबलावर तुला बसवलं आहे, शिक्षा म्हणून. ती माझ्यावर चिडली आहे, आणि तिचं बरोबर आहे. म्हणाली, "ताई, तुमची भावंडांची पत्रापत्री झाली, मला मात्र कुणी काही सांगितलं नाही. मला विचारलं असतंत तर मीच येऊन बोलले असते." ती आली असती याबद्दल मला शंका नाही. तिची समजूत तू काढ, मला ती जमणार नाही.

आता खरं काम.

काल तुमच्या वर्कशॉपमधून फोन आला. पार्ट येताहेत, सोमवारपासून रोज थोड्या गाड्या घेणार, आणि पहिल्या दिवशीचा पहिला नंबर ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीला. आवाज त्या काउंटरवरच्या बाईंचा होता. नंबर कुणी लावला हे मला विचारावं लागलं नाही. नवी गाडी उभी राहिल्यापासून माझे निम्मे शिकाऊ दुसरीकडे गेले, हे तुझ्या लक्षात आहे तर. बरं वाटलं. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली, घासलेलीच होती.

पण तो नंबर काढून टाक. आज नाही, आत्ता. हे वाचून झालं की.

माझी गाडी कव्हर घालून उभी आहे, तिच्यापासून कुणाला धोका नाही. ज्या रोज रस्त्यावर आहेत त्या आधी घे. बेकरीवाला पाव घेऊन पहाटेच निघतो आणि त्याच्या सगळ्या गल्ल्या अरुंद आहेत. त्या जोडप्याची घे, निदान एकमेकांशी बोलायला लागतील. जे माझ्या मैदानात कधी आलेच नाहीत, ज्यांना अजून वाटतं की आपलाच हात वाईट, त्यांना तू स्वतः फोन कर. त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत, तुझ्याकडे आहेत. तुझ्या त्या टेबलाला लोक शिक्षा म्हणत असतील तर म्हणू देत. अख्ख्या वर्कशॉपमध्ये सध्या त्याहून मोठं काम कुणाकडे नाही, आणि ते नीट करणारा तूच आहेस.

कुणी ओळख सांगत आलं तर नाही म्हण. मी आले तरी नाही म्हण.

सगळ्यांचं झालं की मला बोलाव. गाडी मी स्वतः चालवत आणणार नाही, ओढून आणेन. त्या दिवशी तुझ्याशी काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. बघू.

तुझी,
रांगेच्या टोकाला उभी असलेली,
ताई