हळद लागेपर्यंत

चाकण, ५ ऑगस्ट

ती. सौ. विजूताईस,
धाकट्या सलोनीचा सा. न.

फोनवर बोलायचं तर आई शेजारीच बसते, म्हणून पत्र. ताई, माझा चेहरा मुरुमांनी पार भरलाय. कंपनीत मशिनवरचं तेल उडतं, त्यात पूर्ण शिफ्टभर मास्क. पंधरवड्यात निमिषच्या घरचे बघायला येणार आहेत. आई रोज लिंबू चोळते आणि चोळताना तुझं उदाहरण देते, विजूचा चेहरा बघ, एक डाग नाही. तू लग्नाआधी काय लावायचीस ते कळव.

तुझी, तोंड लपवून फिरणारी,
सलोनी

परभणी, १२ ऑगस्ट

चि. सलोनीस,
अ. उ. आ.

आधी आईच्या हातातलं लिंबू काढून घे. चेहरा आहे, तांब्याचं भांडं नाही. सोबत एक ट्यूब पाठवतेय. मेडिकलवाला चिठ्ठीबिठ्ठी मागत नाही. रात्री पातळ लाव, आठवड्यात फरक दिसेल. निमिषराव दिसायला कसे आहेत ते सविस्तर लिही. तुझे दाजी विचारताहेत, म्हणजे मीच विचारतेय.

माया आहेच, पत्रं लिहून ती वाढव.
तुझी विजूताई

चाकण, २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

साखरपुड्यात निमिषच्या आईने हनुवटी धरून माझा चेहरा सगळ्या पाहुण्यांना दाखवला होता. तेव्हा मनातल्या मनात तुझे किती आभार मानले. मग ट्यूब संपली आणि नवी आणायची राहून गेली. गाल लालभडक झाले, उन्हात आग व्हायला लागली, मुरूम पहिल्यापेक्षा जास्त उठले.

चिंचवडला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे, त्याने कातडी पातळ झालीय, लगेच बंद करा. बंद केल्यावर चेहरा आणखी बिघडेल, मग सावकाश सुधारेल. मुरूम घाणीमुळे येत नाहीत, छिद्रं बुजून येतात, आणि खऱ्या औषधाला महिने लागतात, असंही त्यांनी समजावलं.

पण लग्न डिसेंबरात आहे. आई नवी ट्यूब घेऊन आली. म्हणाली, "हळद लागेपर्यंत लाव, मग बंद कर." ताई, या गालांवर हळद तरी कशी सोसू? आई फक्त तुझं ऐकते. मी काय करू?

भ्यालेली,
सलोनी

परभणी, २७ ऑक्टोबर

चि. सलोनीस,
आशीर्वाद.

ट्यूब आजच फेकून दे. डॉक्टरांनी दिलंय तेवढंच लाव. लग्नात चेहरा लाल असेल, हे निमिषरावांना तूच सांग. त्यावरून मोडलं तर मोडू दे.

ती ट्यूब तुला पाठवताना मी कचरले होते. तरी पाठवली, तुझं जमावं म्हणून. मीही हळद लागेपर्यंतच लावणार होते. लग्नाला सात वर्षं झाली. दोनदा बंद करून पाहिली. दोन्ही वेळा सासूबाईंनी ह्यांना विचारलं, हिला काही रोग तर नाही ना, आणि मी पुन्हा सुरू केली. आता त्या ट्यूबनेच हनुवटीवर केस येतात, ते घर उठायच्या आत काढते. दुपारी गच्चीवर वाळवण घालायलासुद्धा जात नाही. तुझ्या दाजींनी माझा खरा चेहरा अजून पाहिलेला नाही.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस. हे पत्र आईला वाचून दाखव. तिला माझा चेहरा फार आवडतो.

तुझी विजूताई