मधल्या ओट्याची उंची

पाटोदा,
दि. ४ जानेवारी २०२५

ती. आत्याबाई यांस,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र ह्यांच्या हाती पाठवते.

स्वयंपाकघराची मधली भिंत पाडली. आता मधोमध, चारही बाजूंनी मोकळा असा ओटा येणार. त्याला आयलंड म्हणतात. लखन मिस्त्रींनी फरशीवर खडूने आखणी केली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुम्ही काटवट घेऊन भाकरी थापायला बसता, नेमकी तीच जागा. उंचीही माझ्या मापाची धरली आहे; तुम्हाला तिथे उभं राहून थापता यायचं नाही. धुळीचं निमित्त करून तुम्हाला लिंबागणेशला लेकीकडे धाडलं, पण खरं म्हणजे मला सगळं माझ्या मनासारखं करून घ्यायचं होतं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. रागावला असाल तर तसं लिहा.

ऋतुजाताईंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली सून,
सुकन्या


लिंबागणेश,
दि. ९ जानेवारी

चि. सौ. सुकन्या हिस छबुबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. स्वयंपाकघर पाडल्यापासून स्टँडवरच्या भज्यांवर जगतोय, असं पत्र देताना भागवत सांगत होता. त्याच्या पोटाकडं बघून मला ते खरं वाटलं न्हाई.

माझ्या बसायच्या जागेचा घोर करू नकोस. ओटा तिथंच होऊ दे. काटवट माळ्यावर टाक, न्हाईतर कुणाला लागत असली तर देऊन टाक. मी इथं निवांत आहे. दोन्ही वेळा गरम ताट पुढ्यात येतं. काम उरकलं तरी मला न्यायची घाई करू नका.

जिवाला जप. आठवण ठेव.

तुझी
छबुबाई


पाटोदा,
दि. १५ जानेवारी

ती. आत्याबाई यांस,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी रडले. ज्या काटवटीला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता, ती देऊन टाक म्हणता. मी तुम्हाला तुमच्याच घरातून उठवलं, असंच मनात येत राहिलं.

शेवटी काम थांबवलं. ग्रॅनाइट कापून झालंय, आता कशाला बदलायलात, असं लखन मिस्त्री चिडून म्हणाले. मी ऐकलं नाही. पलीकडून बसून खायची जागा ठेवली होती, ती काढून टाकली आणि ओट्याची ती बाजू तुम्हाला बसून थापता येईल एवढी खाली घेतली. काटवट धुऊन तिथे ठेवली आहे. हे २६ तारखेला, रविवारी न्यायला येतील. माझं चुकलं ते पोटात घाला आणि घरी या.

आपली लेकीसारखी,
सुकन्या


लिंबागणेश,
दि. १८ जानेवारी

चि. सौ. सुकन्या हिस आशीर्वाद.

पोरी, आता खरं लिहिते, आणि लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतंय. मला भाकरी थापायचा कंटाळा आलाय. आजचा न्हाई, लई वर्षांचा. खांदा ठणकतो. पण घरातल्या बाईनं हे कोणत्या तोंडानं बोलावं? हातातली काटवट सुटली तर आपण घरात कशाला, अशीही भीती होती. म्हणून कुणाला हात लावू दिला न्हाई.

तुझ्या पहिल्या पत्रानं मला आनंद झाला होता. ऋतुजानं मोबाईलवर असल्या ओट्याचं चित्र दाखवलं. अलीकडं एक बाई रांधत होती आणि पलीकडं दुसरी बसून चहा पीत होती. मी मनात त्या पलीकडच्या बाईच्या जागी जाऊन बसले होते. तीच बाजू तू माझ्यासाठी काढून टाकलीस.

मीही सरळ लिहिलं न्हाई, त्याचं मला वाईट वाटतं. पण दोन्ही वेळा तू माझ्या जागेचं ठरवलंस आणि मला कुठं बसायचंय ते एकदाही विचारलं न्हाईस.

रविवारी येते. एवढं केलंयस, तर तुझ्या मनासाठी पहिली भाकरी मी थापीन. दुसरीला भागवत बसेल, त्याला तसं आधीच सांगून ठेव.

माया आहे, तशीच राहील.

तुझी
छबुबाई