सहाची तीन वर्षं

काष्टी,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. कल्याण,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी मजेत आहोत. गुडघे सोडले तर आई ठणठणीत. कांद्याची लागवड उरकली. म्हशीला रेडी झालीय, अगदी तुझ्यासारखी हट्टी.

पोस्टाने पाठवलेली माझी पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. फोनवर माझा आवाज आला की ठेवून देतोस. म्हणून हे सुचित्राताईंच्या हाती देतेय. उद्या त्या निकालाची प्रत घेऊन तुरुंगात येतायत. वकिलांसमोर तरी वाचशील.

तर ऐक. तू सुटलास!

परवा संभाजीनगरला हायकोर्टात अपील निघालं. मी मागच्या बाकावर होते. सगळं इंग्रजीत, मला फक्त तुझं नाव कळायचं. मग जज्जसाहेबांनी सरकारी वकिलांना मराठीतच विचारलं, "घरात घुसला, दार फोडलं, हात मोडला. हे सगळं एकाच दुपारचं ना?"

"हो, साहेब."

"मग शिक्षा एकामागून एक कशासाठी?"

गुन्हा कायम राहिला. पण तीन, दोन आणि एक अशी सहा वर्षं ओळीने भोगायची होतीस, त्या तिन्ही शिक्षा एकदमच धरायच्या असं ठरलं. म्हणजे सर्वांत मोठी तीन वर्षांची, तेवढीच. ती तर तुझी गेल्या आठवड्यात भरली!

घरी येऊन सांगितलं, तर आई बोटं मोजत बसली. "सहातली तीन गेली. मंजी अजून तीन हायेत का?"

"नाही गं, काहीच उरलं नाही."

"काईच न्हाई?" असं म्हणून तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी चुलीपाशी कोलमडले. दूध उतू गेलं, आणि आम्ही दोघी ते पुसायचं सोडून हसत बसलो.

संध्याकाळी बजरंग पेढे घेऊन आला. हो, तोच, आपला चुलतभाऊ, ज्याचा हात तू विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडून मोडलास. तुझी शिक्षा कमी करायला आपली हरकत नाही, असं त्याने कोर्टाला लिहून दिलं होतं. हात बरा आहे, ट्रॅक्टर चालवतो. म्हणाला, "पंकजाक्का, त्याला म्हनावं, नवं दार सागाचं हाय. आता बाहेरनंच हाक मार."

आता आईने तुला जे सांगितलं नाही ते. अपील तिने केलेलं नाही, मी केलं. माझं नाव कळलं असतं तर तू वकीलपत्रावर सही केली नसतीस, म्हणून तिचं नाव पुढे केलं.

आणि माझ्या साक्षीचं. तीन वर्षं मी त्यावर एक ओळ लिहिली नाही. कोर्टात मला विचारलं, मारताना पाहिलं का? पाहिलं होतं, कल्याण. बजरंग खाली पडला तरी तुझी काठी थांबेना, तेव्हा मीच तुझ्या हाताला लोंबकळले होते. मग नाही कसं म्हणू? तुला शिक्षा व्हावी असंही मला वाटलं होतं. त्याची माफी मागत नाही. पण कोर्टाने सहा वर्षं सुनावली. इतकी मी मागितली नव्हती. त्याच आठवड्यात सुचित्राताईंचं घर शोधत गेले.

सुटायचा दिवस कळला की मी फाटकाबाहेर असेन. बोललास तर एसटीत तुझ्या शेजारी बसेन. नाही बोललास तर मागच्या सीटवर बसेन. पण घरी एकाच गाडीने येऊ.

वाट पाहणारी,
तुझी अक्का