एकशे चार काड्यांची व्यवस्था

मी, किशोर सूर्यभान गावंडे, वय सतरा, धंदा कोर्टासमोर केशवराव दस्तलेखकाच्या टेबलावर नकला करणे, राहणार अकोला, लिहून ठेवतो की आज दुपारी माह्यं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, पोट नाई. कोणी मले धमकावलं नाई, काही पाजलं नाई. सकाळपासून पाणीबी पाजलं नाई.

केशवराव आत्ताच भेटाले आले. कागद पाहून म्हणे, "अबे, तुले अठरा पूर्ण नाईत. हे मृत्युपत्र कायद्यात टिकत नाई."

म्या म्हटलं, "मंग फाडू?"

"फाडतो कायले? दस्त कच्चा असला तरी मजकूर पक्का पाह्यजे. माह्या टेबलाचं नाव खराब करू नको."

म्हणून पुढची कलमं.

कलम १. माह्या पलंगाखाली कॅरम बोर्ड आहे. त्यावर माचिसच्या एकशे चार काड्या मांडल्या आहेत. हीच माही खरी इस्टेट. त्या चिकटवल्या नाईत, कारण गोंद लावला की चुकीची काडीबी बसते. बोर्ड कोणी हलवू नये, त्याखाली झाडू घालू नये. बाबाले कॅरम खेळाची हुक्की आली तर शेजारी जाऊन खेळावं.

कलम २. कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्या आचलले माह्याकडून एक उत्तर द्यावं. तिनं एकदा विचारलं होतं, "काड्या मांडून काय करून राहिला?" मी "काई नाई" म्हणून पळालो. ते खोटं होतं. खरं असं: सगळ्या काड्या एकाच लांबीच्या पाह्यजे. फक्त टोकाले टोक लागलं पाह्यजे, काडीवरून काडी जाता कामा नये. आन् प्रत्येक जोडावर मोजून सारख्याच काड्या. दोन-दोनचं सोपं, तीन काड्यांचा त्रिकोण झाला. तीन-तीनचं बारा काड्यांत होते. चार-चारले मात्र एकशे चार काड्या आन् बावन्न जोड लागतात. जर्मनीतल्या एका मास्तरनं ते काढलं. याहून कमीत आजवर कोणाले जमलं नाई. पाच-पाचचं तर होतच नाई, तसं सिद्धच झालं आहे. आचल, हे एवढं तोंडानं सांगाचं म्हणजे मले ऑपरेशन परवडलं.

कलम ३. माह्यं नेलकटर माह्या आतेभावाले, म्हणजे सोहमले, कदापि देऊ नये. तो अमरावतीले इंजिनिअरिंगच्या क्लासले आहे. दिवाळीत आला, शेवटची काडी बसत नव्हती, तर ह्यानं ती नेलकटरनं टोकरली. "एवढ्याशानं काय होते बे? कोण पाहते?" मी पाहतो ना. त्या कटलेल्या काडीपायी सगळं उसकटून पुन्हा मांडलं. हा पुढं पूल बांधणार आहे. त्याच्या पुलावरून आमच्या घरच्यांनी जाऊ नये.

कलम ४. नववीतल्या गणिताच्या सरले काई देऊ नये. त्यानं फळ्यासमोर उभं केलं, माह्या तोंडातून आवाज निघाला नाई, तर म्हणे, "गावंडेच्या घरी बोलाचीबी उधारी आहे का?" वर्ग हासला. दुसऱ्या दिवशीपासून मी शाळेत गेलो नाई. त्याले पाह्यजे तर कॅरमची पावडर द्यावी.

कलम ५. पोट तीन दिवसांपासून दुखत होतं. शेवटच्या काड्या बसेपर्यंत मी सांगतलं नाई. डॉक्टर बाबावर ओरडले. त्यात बाबाचा दोष नाई. काड्या काल संध्याकाळी बसल्या.

कलम ६. मायले

इथं लिहिणं थांबलं, कारण मायच आली. कपाळाले अंगारा लावला आन् उगीच माही चादर सारखी करत बसली.

"बाबू, एक बोलू? चिडशीन नाई ना?"

"काय झालं?"

"तुह्यासाठी देवापुढं दिवा लावाचा होता. घरातल्या माचिसच्या सगळ्या डब्या रिकाम्या. लहान-मोठ्या काड्या तू निवडनिवडून फेकल्या ना रे. मंग पलंगाखालची एक घेतली. कोपऱ्यातली. बाकीच्याले हात नाई लावला."

"पेटवली?"

"दिवा लावला म्हणते ना! पण एकाच काडीत पेटला, बरं का."

शंभरातून निवडलेली काडी होती. पेटणारच.

म्हणजे आता एकशे तीन. दोन जोडांवर तीन-तीनच काड्या उरल्या. ही गोष्ट अशीच सोडून मरणं मले शक्य नाई. ती जागा माय भरू शकत नाई, आन् सोहम तर नेलकटर घेऊन टपलाच आहे. ती काडी मलेच बसवा लागते.

सबब वरील एक ते पाच कलमं आन् अर्धवट सहावं मी या लेखानं रद्द करतो. कलम २ आचलले मी स्वतः सांगीन. बोर्ड हलवू नये, एवढं मात्र कायम.

केशवराव म्हणतात, ज्याले काही भेटते त्यानं साक्ष द्याची नसते. आता कोणाले काईच भेटत नाई, म्हणून मायचीबी सही चालते.

साक्षीदार:
१) केशवराव, दस्तलेखक (सही)
२) सौ. रुख्मिणी सूर्यभान गावंडे (सही. घरी जाताना नवी माचिस नेऊन ठेवते)

लिहून देणार: किशोर सूर्यभान गावंडे (सही)
ठिकाण: सरकारी दवाखाना, अकोला
दिनांक: १४ जुलै २०२५