न बघितलेलं घर

उचगाव,
बुधवार, १८ ऑगस्ट १९९९

ती. रत्नव्वा अक्कास,

तुझ्या तम्माचे, धाकट्या भावाचे, शरणार्थ.

इकडं सगळे बरे आहोत. फाउंड्रीत काम जोरात चाललंय. तू धाडलेले काजूगर तुझी भावजय डब्यात लपवून एकटीच खाते आणि नाव माझं घेते. तुझे हात कसे आहेत? काजूच्या चिकानं सोलतात म्हणून खोबरेल लाव म्हटलं होतं, पण तू लावणार नाहीस हे मला माहीत आहे.

पत्र नेहमीसारखं विद्याश्रीच वाचत असेल. विद्या, मधलं काही गाळू नको. मामाचा राग आला तरी शेवटपर्यंत मोठ्यानं वाच.

अक्का, पंचमीच्या सणाला थोरल्या सौंदर्याला आणायला मी मुराळी म्हणून गेलो आणि रविवारी एकटाच परत आलो. पोरीला ताप आहे, दिवाळीला धाडतील, असा निरोप तुला दिला. तो खोटा होता. तिला ताप आहे की नाही हे मला माहीतच नाही, कारण ती मला दिसलीच नाही.

मेहसाण्यापासून दोन जीपा बदलून तिच्या सासरच्या गावात पोचलो. जावई दारातच होता. "वो इधर नहीं है," एवढं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. तू बांधून दिलेले तंबिटाचे लाडू हातात घेऊन मी विहिरीपाशी बसलो. तिथं पाणी भरणाऱ्या एका बाईनं माझ्या चपला बघितल्या आणि जवळ आली. चिमणाबाई तिचं नाव, पन्हाळ्याकडची.

"पावणं, कोल्हापूरचं न्हवं? तुमची पोरगी चार म्हैनं हुती हितं. उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली केली. कुठं, ते आमास्नी सांगत न्हाईत."

"लगीन लागलंय की तिचं," मी म्हटलं.

"माझंबी लागलंय. माझाबी मामाच आलता घर बघाय."

उठताना ती म्हणाली, "जाताना पोरगी रडली न्हाय. एवढंच बोलली, माझ्या घरचं कोण आलंच तर सांगा, विद्याला धाडू नका."

तिथल्या चौकीत गेलो. लग्न झालंय म्हणजे घरगुती भानगड, असं सांगून त्यांनी मला बाहेर काढलं. इथल्या चौकीतल्या साहेबांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरगी देण्याआधी घर कुणी बघितलं होतं?" हा प्रश्न तू मला कधीच विचारला नाहीस, कारण तूच मला घर बघायला पाठवलं होतंस.

मी ते घर बघितलं नव्हतं, अक्का.

स्थळ आणणाऱ्या केरबानं तेव्हा मला मेहसाण्याच्या लॉजवर उतरवलं. प्रवासानं अंग मोडलं होतं. "घर काय पळून जातंय व्हय मामा? ह्यो फोटू बघा," म्हणाला. मी फोटो बघितला, जिलेबी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी परत निघालो. फरशी, चार म्हशी, दारातला नळ, हे सगळं मी गाडीत बसून रचलं. तुला पाण्याचीच काळजी होती, म्हणून नळ मुद्दाम सांगितला. 'मामाचा मान' म्हणून केरबानं दिलेलं घड्याळ तेव्हा माझ्या मनगटावर होतं. आपल्या लोकांत मामानं घर बघितलं की पुढं कुणी चौकशी करत नाही. केरबाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आता तो शुक्रवारी जीप घेऊन विद्याला न्यायला येणार. थोरलीच्या दिराला धाकटी दिली की दोघी बहिणी एका घरात राहतील, म्हणून तू आनंदानं हो म्हणालीस. त्या घरात सौंदर्या नाही. आणि चातुर्मासात, घाईघाईनं, परमुलखातल्या देवळात कुणी लग्न लावतं का, हे आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही.

मी तिकडं जाऊन आल्याचं केरबाला कळलंय. काल फाउंड्रीच्या फाटकापाशी उभा होता. हसतच म्हणाला, "मामा, ह्या बारीलाबी घर बघितलंय म्हणून सांगा की. न्हाईतर पयल्यांदा तुमीच आत जाशीला." त्यानं माझं मनगट धरून घड्याळात किती वाजले ते बघितलं आणि निघून गेला. मला अजून भीती वाटते.

मी स्वतः यायला हवं होतं. पण आज दुपारी जबाब द्यायला बोलावलंय आणि नंतर मला घरी सोडतील याची खात्री नाही. फोन करावा, तर तुमच्या गल्लीतला एकच फोन केरबाच्या भावाच्या दुकानात. म्हणून पत्र ज्ञानू कंडक्टरच्या हाती देतोय. त्याची गाडी आजऱ्याला पोचली की तासाभरात परत फिरते. त्याच गाडीनं दोघी निघा. दवाखान्यात जातोय म्हणून सांगा आणि कपड्यांची पिशवी घेऊ नका. ज्ञानू तुम्हाला आपल्याजवळ बसवील, उचगावच्या फाट्यावर तुझी भावजय उभी असेल.

जबाबात मी सगळं सांगणार आहे, घड्याळही जमा करणार आहे. सौंदर्याला शोधायचं तर केरबाचं नाव घ्यावं लागेल, आणि त्याच्या आधी माझं.

विद्या, तुझ्या ताईचा निरोप मी पोचवला. तिच्यासाठी अक्कानं दिलेल्या बांगड्या घरी फळीवर ठेवल्यात, त्या कुणी घालू नका. आता पत्र चुलीत टाक आणि आईला उठव.

खाली तम्मा लिहायला हात धजत नाही.

न बघितलेल्या घरात तुझी लेक देणारा,
विरूपाक्ष